बोचरी मूठ

१

“दे म्हटलं ना इकडे.”

“नाही देणार.”

“चिमणे, लहान पोरीसारखं करू नकोस. मूठ बदलते आणि परत देते.”

“मूठ बदलते! एकदा बदललीस तेवढी पुरे झाली. आता ती त्या तुझ्या व्हाइसच्या शिकंज्यात अडकवणार, गोंद वाळायची वाट बघणार, आणि तू खुशाल आत जाऊन पडणार. नको.”

“मग काय जन्मभर अशीच मुठीत धरून बसणार आहेस?”

“बसेन.”

“आणि जेवायचं कसं?”

“डावा हात काय शोभेला दिलाय देवानं?”

हे भांडण आमच्या स्वयंपाकघरात, भर दुपारी चाललं होतं. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण. सत्तरीला टेकली, केस पांढरे झाले, नवरा गेला, तरी घरात ती चिमणीच. ती ओट्याला पाठ लावून उभी होती आणि उजव्या मुठीत सुरी छातीशी धरून होती. मी दारात उभी होते, म्हणजे तिला बाहेर जाता येऊ नये. एका सुरीवरून दोन म्हाताऱ्या हमरीतुमरीवर आलेल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. मीही हसले असते. पण त्याच्या जरासं आधी मी जे पाहिलं होतं, ते पाहिल्यावर हसू येत नव्हतं.

असो. सुरीबद्दल सांगायचं तर मी क्रमानं सांगते. आधी पोलाद, मग पातं, मग धार, मग मूठ. भांडण शेवटी.

२

सुऱ्यांच्या शौकिनांचं जे संकेतस्थळ आहे, तिथे माझी परीक्षणं वाचणारे मला ‘खडूस आजी’ म्हणतात. मी कुणाची आजी नाही. खडूस मात्र आहे. बाजारात नवी सुरी आली की तिची जाहिरात वाचून माना डोलावणारे पुष्कळ असतात. मी ती दगडावर घासते, कागदावर चालवते, महिनाभर ओट्यावर राबवते आणि मगच तोंड उघडते. पोलादातलं मला कुणी शिकवलं नाही. शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं जुन्या कॅटलॉगांतून, कारागिरांशी भांडून आणि स्वतःची बोटं कापून घेऊन शिकले.

त्या सुरीच्या परीक्षणाचा दुसरा भाग कुठे अडला, असं तुम्ही सारखं विचारता. हा तोच. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करते आहे, तेव्हा चुका दिसल्या तर गप्प बसा. उजवा हात हल्ली मोकळा नसतो.

पहिला भाग ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: सुरी मला भंगारवाल्याच्या खोक्यात मिळाली. गंजलेल्या कात्र्या, मोडके चमचे, आणि तळाशी ही. तो म्हणाला, “आजी, ती नका घेऊ. हातात बसत नाही.” मी म्हटलं, “हात कुणाचा, त्यावर असतं बाबा.”

पातं कार्बन पोलादाचं. स्टेनलेस म्हणजे गरीब गाय. गंजत नाही, रुसत नाही, पण धारेला सदा उदास. कार्बनचं पोलाद मानी असतं. पुसून ठेवलं नाही तर तासाभरात लालभडक होतं. पण एकदा धार धरली की सोडत नाही. हे पातं तर हातानं ठोकलेलं होतं. पाठ जाड, तिथून धारेपर्यंत उतरत आलेलं, कुठे फुगवटा नाही की खळगा नाही. कानस लावून पाहिली तर कानसच घसरली. असं पाणी दिलेलं पोलाद मी जन्मात दोन-चारदाच पाहिलं असेल.

आणि बाकीचं सगळं? टोक चक्क कापून टाकलेलं, बोथट. धारेचा पुढचा भाग मुद्दाम घासून सपाट केलेला. मूठ काळ्या टणक लाकडाची, नको तेवढी जाड, कडा एकही न मारलेली, चौकोनी ठोकळाच. कहर म्हणजे मुठीच्या बुडाला पितळेचा एक काटा वर आलेला. मी लिहिलं होतं: “पातं करणारा उस्ताद, मूठ करणारा गाढव. दोघांची कधी गाठ पडली नसावी. बुडावरचा काटा कशासाठी आहे ते कळलं तर कळवा. पाठ खाजवायला असेल.” तुम्ही लोक खूप हसलात. मी शेवटी लिहिलं, ही सुरी मी सुधारणार, आणि मग दुसरा भाग.

३

सुधारायची होती ती चिमणीसाठी.

नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा आमच्यात ठरलं होतं: सुऱ्या माझ्या, स्वयंपाक तिचा. ती माझ्यापेक्षा कितीतरी बरं रांधते; हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही. मग संधिवातानं तिचा हात धरला. बोटांची पेरं आल्याच्या गाठीसारखी झाली. साध्या सुरीची मूठही तिच्या पकडीत राहीना, घसरून पडायची. चिरणं माझ्याकडे आलं. मी चिरायची आणि ती शेजारी स्टुलावर बसून बघायची. काही बोलायची नाही. मी कांदा जाड चिरला तरी बोलायची नाही, आणि तेच मला बघवत नव्हतं. जी बाई आयुष्यभर माझ्या कांद्याला नावं ठेवत आली ती गप्प बसली, म्हणजे आतून काहीतरी संपत चाललं होतं.

मी तिच्या मुठीचा ओल्या मातीत ठसा घेतला. कुठे बोट वाकतं, कुठे वाकत नाही, कुठे सांध्यावर दाब आला की ती ओठ चावते, सगळं त्या मातीत उमटलं. फिकट, हलकं लाकूड निवडलं. त्याला कानस, मग पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल. जुनी मूठ सरळपणे निघेना. रिवेट ड्रिलनं उडवावे लागले, त्यात लाकूड चिरफाळलं. ते तुकडे आणि तो पितळी काटा मी कचऱ्यात टाकले. नव्या मुठीचं बूड मी नदीतल्या गोट्यासारखं गोल आणि गुळगुळीत केलं. कापलेलं टोक घासून घासून पुन्हा काढलं. पुढची मारलेली धार परत आणली.

चिमणीनं सुरी हातात घेतली. बोटं आपोआप खोबणीत बसली. तिनं एक कांदा घेतला आणि चिरला, बारीक, एकसारखा, पूर्वीसारखा. डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाली, “कांदा फार तिखट आहे ग.”

“हो ना,” मी म्हटलं, “आणि माझाही तसाच होता वाटतं?”

“तुझा? तुझा कांदा नव्हता ताई, ती चितेची लाकडं होती.”

कितीतरी महिन्यांनी तिनं मला नाव ठेवलं. मी आत जाऊन दार लावलं आणि थोडा वेळ बसले.

४

मग टोक वाकलं.

धार बघायची माझी रीत अशी आहे: दिव्याखाली सुरी उलटी धरायची आणि धारेवरून नजर न्यायची. चांगली धार दिसतच नाही. जिथे मोडली तिथे उजेडाचा कण चमकतो. भाजी चिरणाऱ्या बाईची सुरी पोटाकडे, म्हणजे धारेच्या मधल्या भागात, मोडते, कारण फळीवर पोटच टेकतं. टोकाचं काम चिमणीला जमतच नाही, त्याला मनगट वळवावं लागतं. पण तिच्या सुरीचं पोट मी लावलं तसंच शाबूत होतं आणि टोक मात्र एका बाजूला वाकलेलं.

“डबे उघडतेस का हिनं?”

“नाही ग.”

“मग टोक कसं गेलं? ते काय स्वतःच उठून फिरायला जातं?”

एरवी ती उलट बोलली असती. त्या दिवशी ओट्यावरचं फडकं उचलून तिनं उगीचच घडी घातली.

मी टोक सरळ केलं. थोड्या दिवसांत पुन्हा वाकलं. तेव्हा मी ओट्याखालचा खण, जिथे ती सुरी ठेवायची, तो बाहेर ओढून उजेडात धरला. तळाच्या लाकडात भोकं होती. पहिल्यांदा वाटलं, भुंगा लागला. पण भुंग्याचं भोक गोल असतं. ही बारीक, लांबट, एका टोकाला निमुळती होती. मी सुरीचं टोक त्यातल्या एकात टेकवून पाहिलं. पायात चप्पल बसावी तसं बसलं. काही भोकं आरपार गेली होती.

मला कारण सापडलं. मला नेहमी सापडतं. चिमणीच्या हातात जोर नाही, खण ती कमरेनं ढकलून आपटते, आतली सुरी उडते, टोक लाकडात रुततं. आडवी पडलेली सुरी उडून उभी कशी रुतेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. खणात जाड कापड घालून मोकळी झाले.

पण चिमणीनं त्यानंतर सुरी खणात ठेवलीच नाही. ती तिला बरोबर घेऊन फिरायला लागली. टीव्ही बघताना मांडीवर, टॉवेलमध्ये गुंडाळलेली, मूठ मात्र बाहेर आणि तिच्या हातात. न्हाणीघरातसुद्धा. मी शेजारणीला सांगितलं, “बघा, याला म्हणतात मूठ. सोडवत नाही बाईला.” खरं सांगते, मला अभिमान वाटत होता.

५

फिकट लाकडाचा एक गुण आहे. ते हात लपवत नाही. जिथे बोट टेकतं तिथे घाम आणि तेल मुरतं आणि लाकूड गडद होत जातं. वापरलेली मूठ बघून मी सांगू शकते की माणूस डावरा आहे की उजवा, घाईचा आहे की निवांत.

चिमणी सुरी धारेला द्यायला आली तेव्हा म्हणाली, “इथेच लाव. माझ्यासमोर.” आणि स्टूल ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. डोळ्यांखाली काळं आलेलं, गाल आत गेलेले. मी म्हटलं, “झोपत नाहीस का?” ती म्हणाली, “झोपते की. बसल्या बसल्या.”

दगडावर पाणी टाकलं, आणि सुरी उचलताना मूठ दिव्याखाली आली.

चिमणीची बोटं जिथे असायला हवीत तिथे गडद डाग होते. अंगठा आणि पहिलं बोट पात्याजवळ, बाकीची खाली, मी मातीत पाहिली तशी. ते ठीक. पण त्या डागांवरून दुसरे डाग गेलेले होते. रुंद, आडवे, उलट्या दिशेनं वळलेले. आणि बुडावर, त्या गोट्यासारख्या गुळगुळीत बुडावर, एकच गोल डाग. बाकी सगळ्यांपेक्षा काळा.

मी ते डाग माझ्या हाताला जुळवून बघायला लागले. बोटं डागांवर ठेवत गेले तशी सुरी माझ्या हातात आपसूक फिरली. टोक खाली आलं. अंगठा बुडावर जाऊन टेकला. माझा हात काही नाजूक नाही, पण त्या अंगठ्याच्या डागात माझा अंगठा टेकून भोवती बोटभर काळं उरत होतं.

तुम्ही सुऱ्या जाणता. असं धरून काही चिरता येत नाही, सोलता येत नाही, कापता येत नाही. असं धरून एकच काम होतं.

आणि तसाच अंगठा बुडावर ठेवून बसलेली असताना मला तो पितळेचा काटा आठवला. तो बरोबर तिथे होता, अंगठ्याच्या मऊ मांसाखाली. चौकोनी कडा आठवल्या. साधं धरलं तर त्या नुसत्या बोचतात, पण असं उलटं आवळून धरलं तर हाडापर्यंत जातात. टोक कापलेलं. पुढची धार मारलेली. पोटाची धार मात्र शिल्लक ठेवलेली, म्हणजे भाजी चिरता यावी. एकही चूक उगाच नव्हती. प्रत्येक मोजून मापून केलेली होती, आणि ज्यानं पातं ठोकलं त्याच्याच हातची होती. एवढी बारीक नजर दोन माणसांची नसते.

त्याला मी गाढव म्हटलं होतं. आणि त्याचं एकेक काम शोधून शोधून निस्तरलं होतं.

“झालं का?” चिमणीनं हात पुढे केला. “दे.” ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या मुठीकडे बघत होती, आणि मूठ मी कशी धरली आहे ते बघून तिचा चेहरा पांढरा पडला होता.

६

मी ठरवलं, पहिली होती तशीच मूठ नव्यानं घडवून बसवायची. काळं लाकूड, चौकोनी कडा, बुडाला काटा. चिमणीला पुन्हा चिरता येणार नाही; न येवो. सुरी तिला पोखरून खाते आहे असं मला वाटत होतं. एकदा हातात घेतलं की न सुटणारं व्यसन असतं, तसलं काहीतरी. त्यापलीकडे विचार करायला मी तयार नव्हते.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्चीतच पेंगली. सुरी मांडीवर, मुठीत. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. सुजलेली बोटं, पण पकड अशी की नखं पांढरी झालेली. ती कण्हली, जागी झाली नाही. मी सुरी टेबलाच्या मधोमध आडवी ठेवली, मूठ माझ्याकडे, टोक भिंतीकडे. ठेवली हे मला पक्कं आठवतं, कारण ठेवल्यावर मी तिच्यावरचा हात जरा उशिरानंच उचलला होता.

ड्रिल आणायला माझ्या खोलीत गेले. ड्रिलची वायर कशात तरी गुंतली होती, ती सोडवत असताना आवाज आला.

सुऱ्यांचे आवाज मला कळतात. पडलेली सुरी दोनदा वाजते, आधी पोलाद, मग मूठ. ढकललेली सुरी खरवडते. हा आवाज त्यातला नव्हता. लाकडावरून पोलाद अलगद सुटतं, तेव्हा एक बारीक, कोरडा आवाज होतो. कुणी सुरी उचलली की होतो तो.

मला वाटलं, चिमणी जागी झाली. मी दाराशी आले.

चिमणी तशीच होती. मान एका बाजूला, दोन्ही हात मांडीवर, रिकामे.

खिडकीतून ऊन टेबलावर तिरपं पडलं होतं. सुरी टेबलावर नव्हती. खालीही पडलेली नव्हती. पातं मला दिसलं, टोक खाली, चिमणीच्या अंगाच्या बाजूला. आणि मूठ दिसली ती सलग नाही. फिकट लाकडाची एक पट्टी, मग काहीच नाही, मग पुन्हा एक पट्टी. कुणी मुठीत धरलेली वस्तू बोटांच्या फटींतून दिसते तशी. बूड दिसतच नव्हतं.

किती वेळ, ते सांगता येणार नाही. चिमणीनं डोळे न उघडता उजवा हात उचलला, आणि खाटेवरून घसरणाऱ्या पोराला आई झोपेतच सावरते तशी, अजिबात घाई न करता, तिनं पात्याजवळ मूठ धरली आणि खाली ओढली. जरा ओढावी लागली. मग सुरी तिच्या मांडीवर होती आणि मूठ सलग दिसत होती.

माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकतो आहे. दुपारचं ऊन डोळ्यांवर होतं. मी रात्री नीट झोपले नव्हते. हे सगळं मी स्वतःला तिथल्या तिथे सांगितलं, आणि सगळं खरंच आहे.

तिनं डोळे उघडले. मी दारात, हातात ड्रिल.

“तू काढलीस?” ती ओरडली. उठून ओट्याला पाठ लावून उभी राहिली. “माझ्या हातातून तू काढलीस, ताई?”

७

तिथून ते भांडण सुरू झालं.

मी काय पाहिलं ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, घाबरेल. म्हणून मी दुसरं बोलले. मी म्हटलं, “मूठ चुकलीय माझी. काम वाईट झालंय.”

“तुझं काम? वाईट?” ती हसली, पण हसू तोंडातच अडलं. “आज सूर्य कुठून उगवला?”

“आरशात बघ जरा. हाडं राहिलीत नुसती. ती सुरी तुला खातेय.”

“मला काही कुणी खात नाही.”

“मग सोड की.”

“तुला बघवत नाही, असं म्हण ना सरळ. माझा हात चालायला लागला, कांदा मी चिरते, तुझं राज्य गेलं.”

हे लागलं. ती लागावं म्हणूनच बोलली, हे मला कळत होतं, तरी लागलं. मी म्हटलं, “राज्य? ती मूठ मी कुणासाठी केली? रात्र रात्र घासली ती कुणासाठी?”

“माहीत आहे ग मला, कुणासाठी.” तिचा आवाज एकदम खाली आला. “म्हणून तर तुला बोलले नाही.”

“काय बोलली नाहीस?”

तिनं सुरी छातीशी आणखी आवळून धरली.

“नको असेल मूठ बदलायला तर नको. फेकून देऊ. पुलावरून नदीत टाकू, दोघी जाऊ. मग तरी झालं?”

“आणि मग ती कुठे आहे ते मला कळणार कसं?”

“त्यात कळायचं काय आहे? सुरी आहे ती, चिमणे! पोलादाचा तुकडा! मला नको शिकवूस, मी जन्म घालवलाय यात.” मी इतक्या मोठ्यानं ओरडत होते की माझाच आवाज मला ओट्यावरच्या भांड्यांतून परत ऐकू येत होता. “बरं, मला देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस. इथे टेबलावर ठेव. माझ्या डोळ्यांसमोर. एक क्षण खाली ठेव आणि मला दाखव की तुला ती सोडता येते.”

तिनं टेबलाकडे पाहिलं. मग टेबलाच्या पलीकडे पाहिलं, जिथे कुणी नव्हतं. मग माझ्याकडे. लहानपणी अंधाऱ्या जिन्यात ती माझा हात धरायची आणि मी घाबरू नये म्हणून मोठमोठ्यानं गाणं म्हणायची. तेव्हाचे तेच डोळे होते. मुठीवरच्या गाठाळलेल्या बोटांतलं एकही सैल झालं नाही.

“ताई,” ती म्हणाली, “मला आवडते म्हणून मी धरून बसले नाहीये ग, मी खाली ठेवली की ती उचलली जाते.”